गाडीत बोललेलं षट्कर्णी झालं, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धरणगाव तालुक्यातले एक शेतकरी आणि त्यांचा शाळेपासूनचा मित्र लग्नासाठी सुरतेला निघाले होते. सकाळची पॅसेंजर, खिडकीजवळ समोरासमोरच्या जागा. अमळनेरला डबा बराच रिकामा झाला आणि दोघं मनातलं बोलू लागले. शेतकऱ्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली बांधाची. चुलतभाऊ बांध फोडायला निघाला म्हणून त्यांनी त्याच्यावर मनाईचा दावा लावला आहे, पण वडिलांनी तीसेक वर्षांपूर्वी नांगरटीत त्याच्या बाजूचे दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत घेतले होते, असं आई सांगायची. दुसरी बहिणीची. रस्त्यासाठी शेत जाणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं आहे. धाकट्या बहिणीला ते माहीत नाही, आणि तिला कळण्याआधी तिच्याकडून हक्कसोड, म्हणजे वाट्यावरचा हक्क सोडल्याचा दस्त, करून घ्यायचा त्यांचा विचार होता. मित्रानेही मन मोकळं केलं. मुलीचा साखरपुडा दोन वर्षांपूर्वी मोडला होता, ते त्याने नव्या सोयऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

वरच्या फळीवर एक माणूस तोंडावर चादर घेऊन पडलेला होता. नंदुरबारला तो उतरला तेव्हा चेहरा दिसला. चुलतभावाचा शालक. पंधरा दिवसांनी शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज आला: ‘बांधाचा दावा काढून घे, नाहीतर तुझं बोलणं तुझ्या बहिणीला ऐकवतो.’ त्याच आठवड्यात साखरपुड्याची गोष्ट सोयऱ्यांपर्यंत पोचली. मित्राच्या कानात कोणीतरी घातलं की ही बातमी तुझ्या दोस्ताच्याच तोंडून फुटली. आता मित्र फोन उचलत नाही. शेतकऱ्याने विचारलं आहे: त्याने गाडीतल्या बोलण्याचं केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात चालेल का, दावा काढून घ्यावा का, आणि त्या माणसावर काही करता येईल का?

भाऊ, अमळनेर, धरणगाव, एरंडोल या कोर्टांत मी ३१ वर्षं दिवाणी वकिली करतो आहे. बांध, वाटप, हक्कसोड, भाऊबंदकी, हेच माझं रोजचं काम. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. पण मित्र फोन उचलत नाही हे तुम्ही ओघात, शेवटच्या ओळीत लिहिलं आहे. माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतंय, म्हणून सुरुवात तिथून करतो.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एका जिनिंगच्या भागीदारीचा दावा होता. दोन मित्र, पंधरा वर्षं एकत्र धंदा. चाळीसगावला गाडीची वाट बघत ते रात्री वेटिंग रूममध्ये बसले होते. एकाने व्यापाऱ्याकडून हातउसने घेतलेल्या पैशांचं सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की थोरला मुलगा हिशेबात खोट करतो, अशी त्याला शंका आहे. पाठीमागच्या बाकावर त्यांच्या धंद्यावर डोळा असलेला एक माणूस बसला होता. त्याने ना पोलीस गाठले, ना कोर्ट. कर्जाची गोष्ट त्याने बँकेत पोचवली आणि पहिल्याला सांगितलं, तुझा भागीदार बोलला. मुलाची गोष्ट मुलाच्या कानात घातली आणि दुसऱ्याला सांगितलं, तुझा भागीदार बोलला. वर्षभरात दोघे वादी आणि प्रतिवादी म्हणून कोर्टात उभे राहिले. मी प्रतिवादीच्या बाजूने होतो.

तिसऱ्या वर्षी तो माणूस साक्षीला आला. उलटतपासात मी त्याला विचारलं, ही माहिती तुम्हाला कोणी दिली? तो सहज म्हणाला, कोणी नाही, चाळीसगाव स्टेशनला मी स्वतः ऐकली. माझे पक्षकार माझ्या मागच्या बाकावर बसले होते, वादी पलीकडच्या. दोघांनी एकाच वेळी मान वर केली. वादीने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढचा अर्धा तास तो तिच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. तीन वर्षं दोघेही समजत होते की आपल्याला मित्राने विकलं. तोवर जिनिंगची जागा लिलावात गेली होती.

तुमच्याकडे चाललंय ते याच वळणाने चाललंय. त्या माणसाच्या हातात रेकॉर्डिंग आहे, पण त्याचं खरं भांडवल ते नाही. डब्यात तिसरा माणूस होता हे तुमच्या मित्राला अजून माहीत नसावं, हे त्याचं भांडवल. मित्राच्या लेखी ती गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातला एक तो स्वतः. मग उरलात तुम्ही.

म्हणून आधी मित्राच्या घरी जा. फोन नको, मेसेज नको, मध्ये कोणी तिसरा माणूस नको. त्याने दार लावून घेतलं तर ओट्यावर बसा. नंदुरबारला कोण उतरलं ते सांगा आणि तुम्हाला आलेला धमकीचा मेसेज त्याच्या हातात द्या. त्या मेसेजमध्ये तुमची स्वतःची लाजिरवाणी गोष्ट आहे, तरीही द्या. किंबहुना म्हणूनच द्या. तुमचंही बोलणं बाहेर गेलंय हे त्याला दिसलं की वेगळा खुलासा करावा लागत नाही. मग दोघं बसून त्या दिवशी कोण काय बोललं, गाडी कुठे होती, आजूबाजूला कोण होतं, हे आठवेल तसं वहीत उतरवा आणि खाली तारीख घाला. मी हे कोर्टासाठीही सांगतो आहे. पुढे त्या माणसाने तुमच्या तोंडी चार वाक्यं जास्तीची घातली, तर त्या डब्यात हजर असलेला तुमच्या बाजूचा एकमेव साक्षीदार म्हणजे तुमचा मित्र.

आता कायद्याकडे येतो.

दोन मित्रांमधल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण नाही. नवराबायकोने लग्न टिकून असताना एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना आहे, पक्षकाराने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्यात ही संरक्षणं कलम १२८ आणि १३२ मध्ये आहेत. मैत्रीसाठी असं कलम नाही. मित्राला साक्षीला बोलावून ‘तो काय बोलला’ असं विचारलं तर त्याला सांगावं लागतं. फळीवरच्या माणसाने स्वतःच्या कानाने ऐकलं असेल तर तोही सांगू शकतो. ऐकलेल्या गोष्टीबद्दल ती स्वतः ऐकणाऱ्याचीच साक्ष हवी, हा कलम ५५ चा नियम आहे, आणि तो त्यात बसतो. तो चोरून ऐकत होता एवढ्यावरून त्याची साक्ष बाद होत नाही.

मात्र एक फरक लक्षात घ्या. स्वतःच्या बाजूविरुद्ध जाणारं तुम्ही जे बोललात, ते तुमच्याविरुद्ध वापरता येतं. याला कायद्यात स्वीकृती म्हणतात. पण स्वीकृती म्हणजे निकाल नव्हे. ती अखेरचा पुरावा नाही, हे कलम २५ स्पष्ट सांगतं. तुम्ही ती का केली, कशाच्या आधारावर केली, ती चुकीची कशी होती, हे सांगायची तुम्हाला मुभा असते. बांधाच्या बाबतीत तुम्ही जे बोललात ते आईकडून ऐकलेलं. तुम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे असाल. त्याला वजन किती द्यायचं हे न्यायाधीश ठरवतील, आणि माझ्या अनुभवात ते फार नसतं.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्ट बघतच नाही, असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पुरावा गैरमार्गाने मिळवला एवढ्यावरून तो नाकारला जात नाही. तो मुद्द्याशी संबंधित हवा, आवाज कोणाचा ते ओळखता यायला हवं, आणि त्यात फेरफार झालेला नसावा. १९८५ च्या रामसिंग खटल्यात या अटी अजून घट्ट झाल्या: बोलणं स्पष्ट ऐकू यायला हवं, इतर आवाजांत ते बुडालेलं नसावं, आणि रेकॉर्डिंग सुरक्षित ताब्यात राहिलेलं असावं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी सांगितलं खरं. पण रेल्वेच्या जनरल डब्यात, चार माणसं ऐकतील अशा आवाजात बोललेल्या गोष्टीला त्या निकालाची ढाल पुरेल, या भरवशावर मी तुम्हाला ठेवणार नाही.

त्याच्यापुढच्या अडचणीही लहान नाहीत. रेकॉर्डिंगची नक्कल, म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा सीडी, दाखल करायची तर कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. नव्या कायद्यात त्याचा ठरलेला नमुना आहे, दोन भागांचा. एक भाग दाखल करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते, म्हणजे फाइलमध्ये एका अक्षराचा बदल झाला तरी पकडला जाईल असा तिचा ठसा. प्रमाणपत्राशिवाय नक्कल चालत नाही, हे २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या खटल्यात पक्कं झालं. हा खटला जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा होता. मूळ मोबाइलच कोर्टात हजर केला तर प्रमाणपत्र लागत नाही, पण मग त्या मोबाइलमधलं बाकीचंही तपासलं जाऊ शकतं. धमकी देणारे लोक मूळ फोन सहसा पुढे करत नाहीत.

शिवाय धावत्या पॅसेंजरमध्ये खाली बसलेल्या माणसांचं बोलणं वरच्या फळीवरून किती पकडलं जातं? अशा एका ऐकणाऱ्याचा मी स्वतः उलटतपास घेतला आहे. वाटपाच्या दाव्यात तो छातीठोकपणे म्हणाला, ‘सही मीच केली’ असं वादी बोलला, मी रेकॉर्ड केलंय. कोर्टात मोबाइल लावला. आधी चाकांचा आवाज, मग शेंगदाणेवाल्याची हाक, मग तेच वाक्य. मी विचारलं, रेकॉर्डिंग कधी सुरू केलं? तो म्हणाला, ते काहीतरी महत्त्वाचं बोलतायत असं वाटलं तेव्हा. म्हणजे फोन खिशातून काढून, कुलूप उघडून, बटण शोधेपर्यंतचं बोलणं त्यात नव्हतंच. वादीचं पूर्ण वाक्य असं होतं: ‘दादा दवाखान्यात होते तेव्हा रेशनच्या कागदावर सही मीच केली.’ डब्यात समोर बसलेल्या मित्राने ते सांगितलं, आणि रेशन दुकानातला कागद आम्ही हजर केला. चोरून ऐकणारा नेहमी मधूनच ऐकतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही सुरुवात कापलेली असण्याची शक्यता दाट आहे, म्हणून त्या वहीत आधीचं-नंतरचं सगळं लिहून ठेवा.

अजून एक. गाडीत अहिराणीत बोललो म्हणजे कोणाला कळणार नाही, असा आपल्याकडे फार जणांचा समज आहे. ‘तुले सांगस, कोनले सांगू नको’ असं म्हणून सुरू झालेली वाक्यं मी कितीतरी खटल्यांत वाचली आहेत. भाऊ, ही सुरतेची गाडी. उधना, लिंबायत, डिंडोली इथे खान्देशातली कुटुंबंच्या कुटुंबं राहतात. नवापूरला महाराष्ट्र संपतो, अहिराणी समजणारी माणसं नाही संपत. त्या डब्यातल्या निम्म्या लोकांची ती घरची बोली असते.

आता बांध. दावा काढून घ्यावा का? धमकीला घाबरून काढू नका. मात्र त्याच्या धमकीत जे खरं आहे त्याचा वेगळा विचार करा. मनाईच्या दाव्यात आज प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हा मुख्य प्रश्न असतो. तीस वर्षं तो भाग तुम्ही वाहत असाल, तर ‘वडिलांनी आत घेतला’ एवढ्या बोलण्याने तुमचा ताबा नाहीसा होत नाही. बारा वर्षांहून जास्त काळ उघडपणे, समोरच्याच्या हक्काविरुद्ध ताबा असेल तर मालकीही सांगता येते. ते सिद्ध करणं सोपं नाही, पण वाट आहे. बांधाचा वाद शेवटी सुटतो तो भूमी अभिलेखच्या मोजणीने आणि मोजणीनंतर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीच्या नकाशाने. शालकाच्या मोबाइलवर तो सुटत नाही.

पण तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मी एक प्रश्न विचारला असता. ते दोन तास तुम्हाला खरंच हवेत का? रुंदीला दोन-तीन फूट. त्यासाठी उद्या पिंजऱ्यात शपथेवर ‘वडिलांनी काहीच घेतलं नव्हतं’ असं म्हणायची वेळ आली तर ते म्हणू नका. खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती गोष्ट वेगळीच. आईने सांगितलेली गोष्ट तुम्ही स्वतःहून मित्राला सांगितलीत, म्हणजे ती तुम्हाला टोचते आहे. तुमच्या वकिलांना सांगा, सरकारी मोजणी मागा, दोन्ही बाजूंच्या खुणा उभ्या करा. मोजणीत ते तास चुलतभावाचे निघाले तर तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, द्या आणि बांध पक्का करून घ्या. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. एका पिढीचं भांडण तिथे थांबतं. ही तडजोड चुलतभावाशी करायची, त्याच्या शालकाशी नव्हे. ती मोजणीवर करायची, धमकीवर नव्हे.

बहिणीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

तिचा वाटा तिचा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलासारखीच जन्माने हिस्सेदार झाली. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहिणी राजीखुशीने हक्क सोडतात, आपल्याकडे ही जुनी रीत आहे, आणि जिथे ती खरोखर राजीखुशीने होते तिथे मला काही म्हणायचं नाही. पण राजीखुशी म्हणजे काय सोडतोय हे माहीत असून सोडणं. शेत रस्त्यात जाणार, मोबदला येणार, हे तुम्हाला माहीत आणि तिला नाही. अशा वेळी घेतलेल्या सहीला करार कायद्यात फसवणुकीचा वास येतो. नुसतं गप्प राहणं ही एरवी फसवणूक धरत नाहीत, पण नातंच असं असेल की सांगणं कर्तव्य ठरतं, तिथे धरतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ खालचं उदाहरणच घरातलं आहे: नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला घोडा विकणारा बाप. घोड्याची खोड तिला सांगणं त्याचं कर्तव्य. भाऊबहिणीच्या नात्याला कोर्ट याच नजरेने पाहील असं मी धरून चालतो. असा दस्त ती नंतर रद्द करून मागू शकते, आणि त्याची तीन वर्षांची मुदत फसवणूक कळल्यापासून सुरू होते, सही झाल्यापासून नाही.

जी गोष्ट लपवायची म्हणता ती लपणारही नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर १९५६ च्या कायद्याच्या कलम ३अ ची अधिसूचना निघते आणि तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो. गावात ते पान चहाच्या टपरीवर पोचलं की शिरपूर काय आणि सुरत काय, संध्याकाळपर्यंत बहिणीच्या घरी फोन जातो. मग ती तारीख आणि हक्कसोडाची तारीख शेजारी ठेवून बघेल. वर ते रेकॉर्डिंग. बांधाच्या दाव्यात ते किरकोळ ठरेल, पण बहिणीने लावलेल्या दाव्यात तेच तुमच्या मनातला हेतू तुमच्याच आवाजात सांगेल.

सुदैवाने अजून सही झालेली नाही, म्हणजे चुकीचं अजून काही घडलेलं नाही. मनात आलं, मित्राला बोललात, एवढंच झालं. म्हणून या आठवड्यातच बहिणीकडे जा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येईल तेव्हा सांगू, असं म्हणू नका. तोवर त्या माणसाने ऐकवलेलं असेल. बायकोला बरोबर घ्या. सातबारा आणि आठ-अ न्या. सांगा की शेत रस्त्यात जाण्याची शक्यता आहे, तुझ्या वाट्याचा मोबदला तुझ्या नावावर येईल, मी तुला न सांगता सही घेणार होतो, मला माफ कर. हे शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही नाही सांगितलं तर रेकॉर्डिंग सांगेल, आणि तेव्हा त्याला माफीची जोड नसेल. ती रागावेल. रागावू द्या. नंतर तिने समजून-उमजून हक्क सोडला तर नोंदणीकृत दस्त करा आणि मोबदल्याचा उल्लेख त्यात स्पष्ट लिहा. नाही सोडला तर तिचा वाटा तिच्याकडे राहील, आणि तो तसाच राहायला हवा.

हे झालं की धमकीत काही उरत नाही. मेसेज पाठवणाऱ्याकडे विकायला एकच माल होता, तो तुम्ही फुकट वाटून टाकलेला असेल.

त्या माणसावर कारवाई करता येते का? येते. बेअब्रू करण्याची धमकी देऊन, जे करायला तुम्ही कायद्याने बांधील नाही ते करायला लावणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हेगारी धाकदपटशा आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे किंवा मालमत्ता मागितली तर कलम ३०८ ची खंडणी येते, ती जास्त गंभीर. तुमच्या मेसेजमध्ये आज दावा काढून घेण्याची मागणी आहे, म्हणून मी आधी ३५१ धरेन. पोलीस कदाचित अदखलपात्र नोंद करतील आणि तपासासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागेल म्हणतील. तरीही अर्ज द्या आणि पोच घ्या. तारखेनिशी तक्रार नोंदलेली असणं हे पुढे फार उपयोगी पडतं. तो मेसेज खोडू नका, कोणाला पुढे पाठवू नका, फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. त्याला उत्तर देऊ नका, एक अक्षरही नाही. त्याचा फोन आला आणि तुम्ही उचललात तर कमी बोला, जास्त ऐका. आणि चार पोरं घेऊन त्याच्या दारात जाऊ नका. आज फिर्यादी तुम्ही आहात, त्या संध्याकाळनंतर आरोपी व्हाल.

मित्राच्या मुलीबद्दल निर्णय मित्राने आणि त्या मुलीने घ्यायचा आहे, तुम्ही नाही. त्याने विचारलं तरच माझं मत सांगा. साखरपुडा मोडणं यात मुलीचा काही दोष नसतो. नव्या सोयऱ्यांना वडिलांनी समोर बसून का मोडला ते दोन वाक्यांत सांगावं, उशिरा सांगतोय याबद्दल दिलगिरी म्हणावी. एवढ्यावरून जे लोक मागे हटतात त्यांच्या घरी पोरगी न गेलेलीच बरी. बदनामीची केस करायचा आग्रह कोणी धरला तर थांबवा. कलम ३५६ मध्ये खरी गोष्टसुद्धा लोकहिताची नसेल तर बदनामी ठरू शकते, तक्रार करता येईल. पण मग त्या मुलीला पिंजऱ्यात उभं राहून साखरपुडा का मोडला ते अनोळखी माणसांना सांगावं लागेल. मी स्वतःच्या मुलीला तसं करू दिलं नसतं.

तुमच्या वकिलांशी बोलतानाही काळजी घ्या. तुम्ही वकिलाला सांगितलेलं वकील फोडू शकत नाही, पण शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या कानावर तो नियम चालत नाही. कोर्टाबाहेरची चहाची टपरी, काळीपिवळी, बसस्टँड, इथे मी पक्षकाराशी हवापाण्याशिवाय काही बोलत नाही. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात विरुद्ध बाजूचे नातेवाईक चार हातांवर उभे असतात आणि आपण घाईत सगळं सांगत सुटतो. सांगायचं ते त्यांच्या ऑफिसात, दार लावून सांगा. रेकॉर्डिंगबद्दल, आईने सांगितलेल्या त्या दोन तासांबद्दल, बहिणीबद्दल, सगळं सांगा. माझ्या अनुभवात पक्षकाराने वकिलापासून लपवलेल्या गोष्टीने जेवढे दावे बुडाले, तेवढे विरोधकाच्या पुराव्याने बुडालेले नाहीत.

सरकारी मोजणीचा अर्ज लवकर टाका, तारीख मिळायला वेळ लागतो. मोजणीदार साखळी किंवा यंत्र घेऊन येईल त्या दिवशी पंच म्हणून गावातले दोन जुने शेतकरी बोलवा. तुमच्या वडिलांच्या वेळचा बांध ज्यांनी पाहिलाय, असे. तोवर मित्र बोलू लागला असेल तर त्यालाही बांधावर घेऊन जा. चुलतभावाने आणि त्याच्या शालकाने तुम्हा दोघांना तिथे एकत्र उभं असलेलं पाहू द्या.